मामाचा निळा

लोकरीचं सूत रंगवायच्या कारखान्यात माझा मामा सव्वीस वर्षं होता. माझा सख्खा, पण तिथेही सगळे त्याला मामाच म्हणत. कढयांतून वाफ उठे, सुताच्या लडी संथ तरंगत, आणि मामा त्यांत हरवून जाई. घरी जेवतानाही घास हातात तसाच राही.

"कुठे गेलात?" मामी विचारी.

"राखाडीत," तो म्हणे.

तिथला रंगप्रमुख निवृत्त होणार होता. त्याची खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी होती. तिथे थेट ऊन येत नाही, त्यामुळे रंग खोटं बोलत नाहीत. मामाला ती खुर्ची हवी होती. सव्वीस वर्षांत त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. सेवाज्येष्ठतेच्या यादीत तोच पहिला. पण साहेबांनी या वेळी परीक्षा ठेवली. बारा नमुने, हुबेहूब तसेच बारा रंग करून दाखवायचे. मामाचे दहा जुळले. त्यानेच शिकवलेली, सहा वर्षांपूर्वी आलेली एक मुलगी होती, तिचे बाराही जुळले.

"कानामागून आली नि तिखट झाली!" मामी कडाडली. मीही तिचीच री ओढली. लपवू कशाला, रागच आला होता मला.

ज्येष्ठाने तीन दिवसांत लेखी हरकत घेतली तर जागा त्यालाच, असा नियम. अर्ज मी लिहिला. मामा मात्र चुकलेल्या दोन लडी मांडीवर घेऊन बसून होता. दोन्ही निळ्या.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत गेले. साहेबांकडे न जाता तो त्या मुलीपाशी थांबला.

"खरं सांग, माझा निळा कधीपासून चुकतोय?"

ती हात पुसत राहिली. "दोन वर्षं झाली, मामा."

"मग माल परत कसा आला नाही?"

"तुम्ही जेवायला गेलात की मी सुधारायचे."

"आणि मला बोलली नाहीस?"

"ओल्यावर बोलू नये, तुम्हीच शिकवलंत ना."

ओलं सूत गडद दिसतं, म्हणून वाळेपर्यंत रंगाला नावं ठेवायची नाहीत, अशी तिथली रीत.

"अगं, दोन वर्षांत वाळलं नाही?"

"जीभच रेटली नाही माझी."

मामाने खिशातून अर्ज काढला. "देऊ हा?"

"द्या. हक्क तुमचा आहे. पण खुर्ची मलाही हवीय, खोटं कशाला बोलू? आणि यापुढे निळा मी तुमच्यासमोर सुधारणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामा मात्र हसला, झोपेतून जाग आल्यासारखा. अर्ज त्याने माझ्या हातात कोंबला आणि पिशवीतून एक लड काढली.

"ही काल केली. जन्मात इतका चांगला निळा जमला नव्हता मला."

तिने ती खिडकीशी नेली, उलटसुलट करून पाहिली.

"मामा, हा हिरवा आहे."

"हिरवट?"

"नाही. हिरवा."

मामाने लड परत घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"मला अजून निळाच दिसतोय गं," तो म्हणाला.