नाव काढलं, आवाज ठेवला

एका बाईची नोकरी माझ्यामुळे गेली. काढलं रुग्णालयाने, पण कारण मी पुरवलं.

कर्मचारी काम करता करता कसे शिकतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयातल्या नर्सना मी फोनवर रोजनिशी ठेवायला सांगितली होती. ड्युटी संपली की आज काय नवं कळलं ते बोलून रेकॉर्ड करायचं आणि मला पाठवायचं. तुमचं नाव कुठेही येणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला होता.

उमरेडच्या विणकर घरातली एक नर्स सगळ्यांत मोकळं बोलायची. एकदा तिने सांगितलं, "आज मी दुसऱ्याच पेशंटची सलाईन लावून राहिली होती, सर. सुरू करायच्या आधी ध्यानात आलं. आता मी लेबल मोठ्यानं वाचते. बाकीच्या म्हणतात, काहून वं, पेशंटले पोथी ऐकवून राहिली का? हसू द्या त्याहिले."

शिकणं म्हणतात ते हेच, असं वाटून मी हरखलो. व्यवस्थापनापुढे निष्कर्ष मांडताना तिचं नाव गाळलं आणि ते बोलणं तिच्याच आवाजात ऐकवलं. समोर तिची मेट्रन बसली होती. पहिल्याच वाक्याला तिने मान वर केली. मी ते पाहिलं. तरी थांबवलं नाही. पोथीचं वाक्य अजून यायचं होतं.

आठवडाभरात त्या नर्सला कामावरून काढलं. बाकीच्यांच्या रोजनिश्या येत राहिल्या: आज सगळं ठीक, काही चुकलं नाही. नाव गाळून बोलणं वापरता येईल, अशा संमतिपत्रावर त्यांनी सह्या केल्या होत्या; त्याच्या आड लपून मी कित्येक महिने गप्प बसलो. त्या रुग्णालयाचं पुढचं काम मला हवं होतं.

शेवटी उमरेडला तिच्या घरी गेलो. तिने बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिला परत घ्यावं म्हणून मी नुकतंच व्यवस्थापनाला लिहिलं होतं, त्यांनी नकार दिला, हे सांगितलं. तुमचं नाव मी घेतलं नव्हतं, असंही म्हणालो.

"नाव नाई घेतलं म्हणता," ती म्हणाली. "मग आवाज काय शेजारणीचा होता? आता दुसरे दवाखानेबी मले घेऊन नाई राहिले."

"तुमचाच होता, ताई. मेट्रनने ओळखलं, हे मला तिथेच कळलं होतं. तरी वाजवत राहिलो, कारण मला वाहवा हवी होती. दिलेला शब्द मी मोडला. मला माफ करा."