उजव्या हाताची खिडकी

घराचा उजवा हात कुठला, हे कोरेगावच्या रसूल गवंड्याला बापानं शिकवलं होतं. उंबऱ्यात उभं राहायचं, घराला पाठ करायची आणि बाहेर बघायचं. आपला उजवा तोच घराचा उजवा. घर बाहेर बघतं, म्हणून हात घराचा धरायचा.

लढाई संपली त्या साली धर्मादाय दवाखान्याच्या आवारात दातांची खोली वाढवायचं ठरलं. रसूलनं जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं अख्खी खोली आखून दाखवली. पूर्वेला दार, मधोमध खुर्ची, भिंतीकडेला मोरी. दातांचे डॉक्टर खूश झाले. "खिडकी मोठी ठेव, उजव्या हाताला," म्हणाले आणि मोटारीत बसले.

रसूलचा जीव त्या खोलीत अडकला होता तो बायकोपायी. मेहरुनबीची दाढ किडून गाल टम्म सुजला होता. आधी डॉक्टर व्हरांड्यातल्या बाकावरच दाढा उपटायचे. पण विलायतेहून खुर्ची आली आणि व्हरांडा बंद झाला! "खोली झाली की पहिला नंबर तुझ्या बायकोचा," डॉक्टरांनी शब्द दिला. मग काय विचारता! तीन आठवड्यांचं काम रसूलनं दोन आठवड्यांत उरकलं.

डॉक्टर आले, खुर्चीत बसले आणि तापूनच उठले. खिडकी दक्षिणेला! ऊन थेट तोंडावर.

"दारातून आत येताना उजवा हात कुठला रे गाढवा? उत्तरेचा!"

"आवं सायेब, पर घराचा उजवा हात ह्योच की."

"घराला हात असतात?" डॉक्टर हसले, सोबत आलेले दवाखान्याचे पंचही हसले.

रसूलनं पाय धरले. "भिंत बदलतो सायेब, आत्ताच लागतो. पर तिची दाढ तेवढी काढा. पाणीबी गिळत न्हाई ती."

"आधी भिंत, मग दाढ. जन्मभर लक्षात राहील तुझ्या."

पाच मिनिटांचं काम होतं हो! चिमटा खिशात होता, बाई फाटकाबाहेर बसली होती. आग लागो असल्या शिक्षणाला!

रसूलनं दक्षिणेची खिडकी बुजवली, उत्तरेची भिंत फोडली, कमान धरली. पण चुना त्याच्या वेळेनंच वाळतो. सूज गळ्यात उतरली आणि अकराव्या दिवशी मेहरुनबी श्वास कोंडून गेली. तिला माती देऊन तिसऱ्या दिवशी रसूल गिलाव्याला हजर झाला. चूक आपलीच, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं.

उद्‍घाटनाला हार आले, पेढे आले. उत्तरेचा मऊ उजेड खुर्चीवर पडला होता. डॉक्टरांनी यादी उघडून मोठ्यानं वाचलं, "पहिला नंबर, मेहरुनबी रसूल गवंडी! शब्द म्हणजे शब्द."

दाराशी उभ्या असलेल्या तानुबाई आयानं तोंडाला पदर लावला.

"ती गेली सायेब," रसूल म्हणाला.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "बरं, पुढचा नंबर?"

रसूल आत आला आणि खुर्चीत बसला. "नंबर तिचा हाय. माझी काढा."

"कुठली दुखते?"

"उजव्या हाताची."

डॉक्टर त्याच्या समोर उभे होते. त्यांनी काही न विचारता रसूलच्या उजव्या गालात बोट घातलं.

रसूलनं त्यांचं मनगट धरलं. "तुमचा उजवा तिकडं हाय सायेब. माझा कसा काय धरला?"

"तोंड तुझं आहे, म्हणून उजवा तुझाच धरायचा. आमच्यात तशीच रीत असते."

"व्हय," रसूल म्हणाला. "आमच्यातबी."

त्यानं मनगट सोडलं आणि तोंड उघडलं. पंचांसमोर डॉक्टरांना थांबता येईना. त्यांनी दाढ उपटली. ती चांगली होती.