दहाच्या लाइटीला गेलेली नोंद

भीमेच्या पुलावर जीपमध्येच माझ्या नवऱ्याचा श्वास थांबला. दौंड समोर दिसत होतं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ सुजले होते.

इंजेक्शन आमच्या मळ्यालगतच्या छोट्या दवाखान्यात दिलं होतं. आदल्या दिवशी पायाच्या जखमेसाठी तेच औषध थोडंसं टोचून बघितलं, तर हात पुरळाने भरला. हे औषध यांना चालणार नाही, असं लिहून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं. तिथल्या कॉम्प्युटरवर आमची मुलगीच बसायची. तिने ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती, ती शिरूरला गेलेली. डॉक्टरही दुसरे होते. हे म्हणाले, "काल हाताला लई खाज सुटली व्हती." नर्सने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "बाबा, इथं तसं काहीच न्हाई."

मी म्हणाले, "टोचून घ्या की आता. मला गवताला जायचंय."

मुलगी दौंडला पोचली तेव्हा सगळ्यांसमोर मी तिच्या थोबाडीत मारली.

"तू लिहिलंच न्हाईस."

"लिहिलं, आई. सेव्ह झालं असं मशीननं दाखवलं."

"मग गेलं कुठं? उंदरानं खाल्लं?"

तिला कामावरून काढलं. मी तिच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. ती मात्र हटेना. याआधीही नोंदी गेल्या होत्या, पण चूक तुझीच म्हणून दवाखान्यात तिला गप्प केलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक गेलेल्या नोंदीची तारीख आणि वेळ कॅलेंडरच्या मागे लिहीत होती.

शेवटी दवाखान्याने पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला. नोंदी ज्या मशीनमध्ये साठतात, त्या सर्व्हरपुढे तो दोन दिवस बसला. कुणी काही पुसलेलं नव्हतं. बाहेरूनही कुणी शिरलं नव्हतं. कॅलेंडर घेऊन त्याने मुलीला बोलावलं. मीही गेले. तिचं खोटं उघडं पडेल म्हणून गेले.

तो वाचत होता. एक आठवडाभर रोज सकाळी दहाच्या सुमाराला नोंदी गेलेल्या. पुढच्या आठवड्यात एकही नाही. मग परत दहा.

मी म्हणाले, "साहेब, ही तर मळ्यातल्या लाइटीची पाळी हाय. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची दहाला येती."

"त्याचा इथं काय संबंध, आजी?"

"सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारींना ऑटो हाय. लाइट आली का समद्या आपोआप एकदम उचलत्यात आन् लाइट पडती. लाइटीची डीपी दवाखान्याची आन् मळ्याची एकच. बल्ब लुकलुकतो बघा."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी त्याने मुलीला एक खोटं नाव लिहायला लावलं. सेव्ह झालं, असं मशीनने दाखवलं. बल्ब लुकलुकला. सर्व्हरचा पंखा थांबला आणि परत सुरू झाला. लाइट गेल्यावर मशीन चालू ठेवणारी खालची बॅटरी फुगून कधीच मेली होती. मशीन चालू झालं, तेव्हा ते नाव नव्हतं. जुनं सगळं जागेवर होतं.

तो म्हणाला, "आजी, मशीन सेव्ह झालं म्हणतं, पण तोवर ते आत उतरलेलं नसतं. हातात धरलेलं असतं. लाइट क्षणभर गेली की हातातलं सांडतं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मीच बोलले.

"तू नोंद लिहिली त्या दिवशी मी याच येळेला मळ्यात गेले व्हते. आपल्या मोटारीचा ऑटो मीच लावला."

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

दवाखान्याने तिला परत बोलावलं. ती गेली नाही. आता शिरूरला नोकरी करते. रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवते. थोबाडीत मारल्याचं मी अजून बोलले नाही. बोलायला पाहिजे.

ऑटो मी काढून टाकला. लाइट आली की चालत जाते आणि मोटार हाताने चालू करते. बाकीच्यांचे ऑटो आहेत तसेच आहेत.

ते गेले. मुलगी आहे. मी आहे.