ओल्या फडक्याचा थर्मामीटर

भाऊराव चहा कधी बशीत ओतत नसत. पेपरात आधी तापमान वाचत, मग मयतीच्या बातम्या. दोरीवरचा शर्ट चाचपून घड्याळ बघत. बोलता बोलता वाऱ्याकडे तोंड फिरवत, समोरचा माणूस पाठीशी गेला तरी.

तापीच्या मुखाजवळच्या शहरात, नवागामला आम्ही एका चाळीत राहायचो आणि बमरोलीला एकाच यंत्रमाग कारखान्यात जायचो. ते मागावर, मी कापडाच्या घड्या घालायला. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. ते परभणीकडचे, दहावी पास. रविवारी विहारात पोरांना भूगोल शिकवत. कारखान्यात त्यांना सगळे 'भूगोल'च म्हणत.

१९९८ चा मे महिना होता. शेडच्या खिडक्या बंद असत, कारण वाऱ्यानं धागा तुटतो. तो कोरडा पडू नये म्हणून फरशीवर पाणी मारत. भाऊरावांना फक्त चार खिडक्या उघडून हव्या होत्या. शेठनं भिंतीवरचा थर्मामीटर दाखवला.

"अडतीस. तेरे गाँव में चव्वालीस होता है. यहाँ क्या मरता है?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला शेजारच्या मागावरचा रघुनाथ. तोही परभणीचा.

"मराठवाड्याची इज्जत घालवू नको, भूगोल. त्या उन्हात खडी फोडलीय आपण."

"रघू, गावाकडं आपण भाजत होतो, इथं उकडतोय," भाऊराव म्हणाले. "तिकडं समुद्र लांब, हवा कोरडी. घाम आला की वाळतो, अन् वाळताना अंग थंड करतो. इथं समुद्र शेजारी. त्यानं ऊन कमी केलं, पण हवा पाण्यानं भरून टाकली. घाम जाईल कुठं?"

"तापीत सोड."

शेठला या करमणुकीची मजा वाटली. "सात दिन का हिसाब लिख के ला," तो म्हणाला. "फिर खिडकी का देखूँगा."

भाऊरावांनी आणखी एक थर्मामीटर आणला. त्याच्या पाऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि तो पहिल्याच्या शेजारी टांगला. हवा कोरडी असेल तर फडकं वाळत जातं आणि त्याचा पारा खूप खाली उतरतो. दमट असेल तर दोन्ही पारे जवळजवळ राहतात. गावच्या शाळेत मास्तरांनी हे दाखवलं होतं, तेव्हा वीस अंशांचा फरक होता.

इथे पाच निघाला. अडतीस, तेहतीस. रोज दुपारी तीनला ते वहीत लिहीत. रघुनाथ विचारायचा, "लंगोट वाळला का रे?"

सहाव्या दिवशी तीनचे आकडे लिहून ते मागावर परतले. चारच्या सुमाराला त्यांनी रघुनाथला "मास्तर" अशी हाक मारली. मग खाली बसले, मग आडवे झाले.

"ऊठ, शेठ नाहीये बघायला," रघुनाथ म्हणाला.

मुकादमानं अंगावर बादली ओतली. पाणी तसंच राहिलं, वाळलं नाही. त्यांचा माग दहा मिनिटांनी बंद केला, बाकीचे चालूच होते. मी आणि रघुनाथनं त्यांना रिक्षात घातलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. कागदावर लिहिलं : ऊन लागून. ते दिवसभर उन्हात गेलेच नव्हते.

मीराबाई, त्यांची बायको, रडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं मला वही दिली.

"खिडक्या उघडल्या का?"

"नाही, वहिनी."

"मग दाखवा त्यांना."

मी वही शेठपुढे ठेवली. त्यानं ओळींवरून बोट फिरवलं. वाचत असेल असं मला वाटलं. तो मोजत होता.

"ये तो छे दिन का है. सात बोला था."

त्याचा आवाज चढला नव्हता. वही परत देताना त्यानं ती नीट मिटली. मी बाहेर शेडमध्ये आलो. रघुनाथ आता भाऊरावांचाही माग चालवत होता. त्यानं हात पुसून वही उघडली.

सातवी ओळ आखलेली होती. पुढे तारीख, वेळ दुपारी तीन. कोरडा, ओला. दोन्ही चौकोन रिकामे.