अर्धा दिवस शेजारी बसून

श्रीमती लीलाताई मेश्राम यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या अर्जातली एक ओळ खोडली. उमरेडहून सकाळच्या एसटीने मी नागपूरला आलो होतो आणि मिहानमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला बसलो होतो. मॅडम तिथे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या. ‘महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाचे मुख्य आयोजन’ असं मी अर्जात झोकात लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत?” मी बरीच टाळाटाळ केली आणि शेवटी कबूल केलं की दोनशे खुर्च्या लावल्या. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘दोनशे खुर्च्या लावल्या.’ मला वाटलं, झालं, आता घरी जा. मग काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणालो की प्रत्येक खुर्चीवर मी आधी बसून पाहिलं होतं आणि अकरा मोडक्या खुर्च्या बाजूला काढल्या होत्या. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या सोमवारी मी चाचणी विभागात रुजू झालो. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे मोडतो ते शोधायचं, हे आमचं काम. लोक आम्हाला टेस्टर म्हणतात.

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिस्तीबद्दल आणि कष्टांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या अनुभवपत्रांबद्दल. माणूस कंपनी सोडून जाताना किंवा परदेशाचा अर्ज भरताना त्याने इथे कोणतं काम केलं याचं पत्र लागतं. बहुतेक ठिकाणी ते पत्र नाव बदलून जसंच्या तसं छापलं जातं. मॅडमची रीत वेगळी होती. पत्र लिहिण्याआधी त्या वही घेऊन त्या माणसाच्या शेजारी अर्धा दिवस बसत. मधे बोलत नसत. जे दिसेल ते टिपत. आम्हाला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. माझा शेजारी तर त्या दिवशी चहालाही उठला नव्हता.

परदेशी सरकारं कुशल माणसं बोलावतात, असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. प्रत्यक्षात ती सरकारं आपल्याला कोणत्या कामाची माणसं हवी आहेत याची एक यादी काढतात आणि वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देतात. यादी बदलते, गुण बदलतात, आणि आपल्याकडची घरं त्याप्रमाणे हसतात नाहीतर रडतात. पण तिकडे बसलेल्या अधिकाऱ्याने मिहान पाहिलेलं नसतं. माणूस खरंच काय करतो हे त्याला कळायला एकच कागद असतो. तो कागद लिहिणाऱ्याचं नाव कुठल्याही धोरणात येत नाही, म्हणून ते इथे यावं असं मला वाटतं.

एकदा आमच्या संचालकांनी एका हुशार मुलीचं पत्र थोडं हात राखून लिहायला सांगितलं. ती गेली तर कंपनीची अडचण होणार होती. मॅडमनी पाहिलेलं सगळं लिहिलं, सही केली, आणि संचालकांच्या देखतच तिच्या हातात दिलं. मागाहून मी विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते उमरेडकडे खाणीत एका ठेकेदाराच्या हाताखाली पाणी उपसायचा पंप चालवायचे. पंप बिघडला तर उघडून दुरुस्तही करायचे. त्यांच्या कागदावर शेवटपर्यंत ‘मजूर’ एवढंच लिहिलेलं होतं. “बाबाले दुसरीकडे पंपावर काम भेटलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण कागद दाखवा म्हणत.” कार्यालयात शुद्ध बोलणाऱ्या मॅडम घरचा विषय निघाला किंवा राग आला की अशा बोलायच्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला लाज वाटते. मला ज्या देशात जायचं होतं तिथल्या यादीत त्या वेळी डेव्हलपर, म्हणजे प्रोग्राम लिहिणारे, होते; टेस्टर नव्हते. देशाचं नाव महत्त्वाचं नाही. माझा वाढदिवस दोन महिन्यांवर होता आणि त्यानंतर वयाचे गुण कमी होणार होते. उमरेडला वडिलांनी हातमागावरून उठून साऱ्या गल्लीला सांगितलं होतं की पोरगा जाणार. बायकोने शाळेतली नोकरी सोडली होती. सीताबर्डीचा व्हिसा एजंट म्हणाला, पत्रात ‘डेव्हलपर’ एवढा एक शब्द आणा, बाकी मी बघतो. मी मॅडमकडे गेलो. त्या माझ्या शेजारी अर्धा दिवस बसून गेल्या होत्या आणि पत्र तयार होतं. त्यात ‘टेस्टर’ लिहिलं होतं.

मी आधी विनंती केली, मग रडकुंडीला आलो. मॅडम म्हणाल्या, “तिकडून फोन आला अन् विचारलं, हा प्रोग्राम लिहितो का, तं मी काय सांगू गा?” मी म्हणालो, हो म्हणा. त्या म्हणाल्या, “मी तुले लिहिताना पाह्यलं नाही.” तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिणं भाग आहे. मी म्हणालो, “तुमच्या पुढे कोणी गेलेलं तुम्हाला बघवत नाही, हे खरं कारण आहे.” मॅडमनी पत्र पाकिटात घालून माझ्यापुढे ठेवलं.

माझा अर्ज गेलाच नाही. वाढदिवस आला आणि गेला. वडिलांनी गल्लीत त्या विषयावर बोलणं सोडलं. बायकोला तीच नोकरी परत मिळाली नाही. सहा टेबलं पलीकडे बसणाऱ्या मॅडमशी मी जवळपास तीन वर्षं कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. त्या समोरून आल्या की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. पोरकटपणाच होता तो, पण केला.

मग एका सकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी कागदांची एक चळत ठेवली. सगळ्यात वर त्या देशाची नवी यादी होती. त्यात टेस्टरचं काम आलं होतं आणि त्याखाली पेन्सिलीची रेघ होती. समासात लिहिलं होतं, ‘आहे.’ खाली जुन्या याद्या होत्या, जेव्हा जेव्हा बदलल्या तेव्हा तेव्हाच्या, तारखा घातलेल्या. प्रत्येकीवर त्याच पेन्सिलीने लिहिलेलं, ‘नाही.’ मी पाहतच राहिलो. त्या म्हणाल्या, “तू पाहणं सोडलं होतं. मी पाहून राहिली होती.” मग खुर्ची ओढून वही उघडली आणि म्हणाल्या, “चाल, काम कर. नवीन पत्र लागन.”

वयाचे गुण गेले होते, पण मधल्या वर्षांच्या अनुभवाने ते भरून निघाले. काही महिन्यांनी तिकडच्या अधिकाऱ्याचा मॅडमना फोन आला. मी तिथेच उभा होतो. माझ्या कामाबद्दल त्याने पुष्कळ खोदून विचारलं. मॅडमनी वही काढली नाही, त्यांना सगळं पाठ होतं. मला व्हिसा मिळाला. आज मी तिकडे टेस्टर म्हणूनच काम करतो आणि बायको तिथल्या शाळेत शिकवते.

या लेखाचा पहिला खर्डा मी रजेवर आलो तेव्हा मॅडमच्या नागपुरातल्या जरीपटका भागातल्या घरी घेऊन गेलो. गौरवमूर्तींना असा लेख आधी दाखवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याबद्दल न तपासलेला कागद पुढे पाठवायला मन होईना. त्यांनी आलुबोंडे पुढे ठेवले आणि पेन्सिल घेऊन बसल्या. ‘ऋषितुल्य’ खोडलं. ‘सदैव हसतमुख’ खोडताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. संचालकांबद्दल मी तीन कठोर शब्द घातले होते, तेही गेले. मी त्यांना जे बोललो होतो त्या वाक्यापाशी त्या थांबल्या. मी म्हणालो, ते राहू द्या. त्यांनी राहू दिलं.

पुढे मी लिहिलं होतं, ‘त्या तीन वर्षांत मॅडमनी माझ्यावर क्षणभरही राग धरला नाही.’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि पूर्ण खोडलं. “होता,” त्या म्हणाल्या. “लय राग होता मले. तसं लिही.”

तसं लिहिलं आहे. ज्या माणसाचा इतका राग आला होता, त्याचं काम त्या तीन वर्षं प्रत्येक यादीत शोधत राहिल्या. मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो. या वाक्याला माझ्याकडे पुरावा नाही. एवढं एक मात्र खोडू नका.