अप्पांचा कूलर आणि माझा तपास

आमच्या गल्लीत डेंग्यू कुठून आला, हे मी एकट्याने शोधून काढलं.

त्याचं असं झालं. सुमनला, म्हणजे आमच्या सौ.ना, चार दिवस ताप होता. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू आहे. प्लेटलेट कमी होत चालल्यात, ॲडमिट करा." खरं सांगतो, मी घाबरलो. पण मी पडलो सातवीला विज्ञान शिकवणारा मास्तर! घाबरून कसं चालेल? मी दोन कामं हाती घेतली. रोज सकाळी दवाखान्यात जाऊन सुमनला पपईच्या पानांचा रस पाजायचा (डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण मला कोण अडवणार?) आणि डास पोसणारा गुन्हेगार पकडायचा.

गुन्हेगार तर ठरलेलाच होता. शेजारचे शिवलिंगअप्पा! पाऊस सुरू झाला तरी त्यांचा कूलर अंगणातच.

"अप्पा, कूलरमधलं पाणी कधी काढलं होतं?"

"त्यात पाणीच न्हाई, मास्तर. आत मांजर व्यालीय."

"सगळे असंच म्हणतात!"

मी थेट आरोग्य खात्याच्या ताईंना बोलावलं. त्या येताच गल्लीभर ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं: अंडी, अळी, कोष, डास! ताईंनी कूलरमध्ये टॉर्च मारला. आत चार पिल्लं होती. त्यांची आई माझ्यावर फिसकारली.

"आता तुमचं घर बघू, सर."

"माझं? अहो, माझ्या घरचा पेशंट आहे, आरोपी नाही!"

ताई तोवर आमच्या जिन्याखाली पोचल्या होत्या. तिथे माझं दोनशे लिटरचं निळं टिपाड होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी शपथ घेतली होती की घरात एक टिपाड कायम भरलेलं ठेवीन. तेव्हापासून त्याला कुणाला हात लावू दिला नाही. पाणी कमी झालं की मीच वरून भर घालायचो. सुमन दर आठवड्याला म्हणायची, "अहो, ओतून टाका ते." मी म्हणायचो, "पाणी ओततात होय? लातुरात राहतेस ना?"

ताईंनी वरचं पोतं उचललं. अप्पांनीही आत मान घातली.

"मास्तर, लई हायत की! अळ्या हायत, कोष हायत... तुम्ही आत्ता शिकवलं ते समदं हाय हितं!"

टिपाड अप्पांनीच उलटं केलं. पाणी गटारीत जाताना माझा जीव तुटला. मग सुमनचा सलाइन लावलेला हात आठवला आणि स्वतःचीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी प्लेटलेट वाढल्या. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. मी रसाचा पेला पुढे केला.

"सापडला का गुन्हेगार?" सुमननं विचारलं.

"सापडला."

"अप्पाच का?"

"नाही. जिन्याखालचं टिपाड."

 तिनं पेला माझ्याच हातात परत दिला. "आजपासून हा रस तुम्ही प्यायचा."

प्यालो. चार दिवस प्यालो. तो इतका कडू असतो, हे सातवीच्या पुस्तकात कुठेही दिलेलं नाही!