वहिनीची कंबर आणि आमची व्यायामशाळा

अन्याय माझ्या थोरल्या वहिनीवर झाला. एकसष्ट सालच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी, मालवणजवळच्या आमच्या गावात, देवळाच्या मंडपात, सगळ्यांसमोर. करणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासारख्या पत्रकं लिहिणाऱ्याला दुसऱ्यांकडे बोट दाखवायची सवय फार.

भाऊ मुंबईला गिरणीत. तिसऱ्या बाळंतपणानंतर वहिनीची कंबर गेली. कळशी उचलताना एक हात पाठीवर, आणि शिंक आली की पाय आवळून जागीच उभी. घरात यावर एकच उत्तर होतं, ‘बायकांचा असता तसा.’ माहेरी सावंतवाडीला गेली तेव्हा तिथल्या इस्पितळातल्या एका नर्सनं तिला भुईवर निजून करायचे चार व्यायाम शिकवले. उताणं निजायचं, गुडघे उभे ठेवायचे, श्वास तोंडानं पुरता सोडायचा, सोडता सोडता पोट पाठीकडे ओढायचं आणि मग कंबर सावकाश, एकेक मणका सुटा करत उचलायची.

मी तेव्हा दंडबैठकांवाला. गावात व्यायामशाळा हवी म्हणून पत्रकं काढत होतो. ‘दुबळ्या शरीरांचा देश दुबळाच’ हे वाक्य माझं. मी हसलो.

“निजान कसलो व्यायाम, वैनी? मगे आमची म्हस मोठी पैलवान!”

“येवा, निजा हयसर,” ती म्हणाली.

निजलो. पोरं अंगावर चढत होती, आणि ती वरून बजावत होती, “श्वास अडवू नका. मान सोडा. आधी पोट, मगे कंबर.” पाच मोजेपर्यंत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या.

“दंड मारतास मां? मगे ताप इल्यासारखे कापतास कित्याक?” आणि तोंडाला पदर लावून हसली.

त्या दिवसापासून मीही पडवीत तेच करू लागलो. आजवर श्वास कोंडूनच जोर काढत आलो होतो, हे तेव्हा कळलं. बैठकांनी धरलेली पाठ मोकळी झाली. वहिनीचं तर महिन्याभरात रूपच पालटलं. पाठीवरचा हात सुटला. शिंकेची भीती गेली. धाकट्या लेकीला कडेवर घेऊन ती उतारावरच्या विहिरीपर्यंत जायला लागली.

मग एका सकाळी शेजारीण विस्तव मागायला आली. आमच्याकडे उघड्या भुईवर उताणं ठेवतात ते मेलेल्या माणसाला. इथे तर वहिनी डोळे मिटून फू-फू श्वास सोडत होती. “बायगे! हिका काय लागला गो?” शेजारीण किंचाळली. आई परसातून धावत आली. वहिनी सांगत राहिली, “व्यायाम तो, आये, इस्पितळातलो.” ऐकतो कोण? बाहेरचं काही लागलं म्हणून देवाला कौल लावायचं ठरलं.

कौल म्हणजे गुरवानं देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याविरुद्ध माझं एक पत्रक होतं. सुनेनं हे भुईवरचं निजणं चालू ठेवावं का, असं त्या सकाळी देवाला विचारलं, आणि डावी पडली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, “सुनेन भुईर निजाचा सोडल्यान, आता तिका सांभाळ, म्हाराजा!” जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं असतं, “व्हय म्हाराजा!”

माझ्या शेजारी गावचे मानकरी उभे होते. व्यायामशाळेसाठी मागितलेली जागा त्यांची, आणि त्यांचा शब्द अजून यायचा होता.

मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.” पुटपुटलोसुद्धा नाही. सभेत घोषणा देतो तसं, खणखणीत. वहिनीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

जागा मिळाली. व्यायामशाळा झाली. तिथे बायकांना पाऊल टाकता येत नाही, आणि हे कोणी छापलेलं नाही, सगळ्यांना माहीत आहे एवढंच. वहिनीनं व्यायाम सोडला. भाताच्या दोन लावण्या झाल्या आणि ती वाकली ती वाकलीच. धाकटी हात वर करून उभी राहते. वहिनीला तिला उचलता येत नाही, खाली बसून मांडीवर घेते.

गेल्या वर्षी धीर करून म्हटलं, “वैनी, परत सुरू करूया?”

“आता खंय, भावजी?” ती तांदूळ पाखडत म्हणाली. “तुमी पत्रक काढा. वैनीची कंबर बरी झाली म्हणान छापा. लोक वाचतले.”

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर सोसलं असतं.

गुरवाला, आईला, कौलाला मी शिव्या देऊ शकतो; तालीम आहे मला. पण आईनं तो व्यायाम कधी केला नव्हता. मला माझ्या स्वतःच्या पाठीनं समजावलं होतं, आणि तरी मी ओरडलो.

आता तुम्ही बोला. तुमच्या घरात कंबर धरून उठणारी बाई आहे. नाही म्हणू नका, तुम्ही पाहिलंच नसेल. तिला रोज सकाळी अर्धा तास द्या, आणि त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारली तर ओ तुम्ही द्या. घरचं पाणी तुम्ही भरा. उद्यापासून.